नदीत यंत्र सोडायचं, पण कशासाठी?

पत्राचा सारांश: शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठावर असलेल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे तिशीतले, बी.एस्सी. झालेले, गावच्या तरुण मंडळाचे सचिव आहेत. यंदा गणपतीत मंडळानं डॉल्बी लावला नाही, त्यामुळं ८५ हजार रुपये शिल्लक राहिले. दर उन्हाळ्यात गावापाशी पाणी काळं पडतं, मासे तरंगतात, साहेब येतात, पंचनामा होतो आणि प्रकरण तिथंच थांबतं. म्हणून मंडळानं ठरवलंय की पाण्याची गुणवत्ता मोजणारं अनेक सेन्सरचं यंत्र महिनाभर भाड्यानं आणायचं, लगेच नदीत सोडायचं आणि आकडे जाहीर करून ‘दोषी कोण ते सिद्ध करायचं’. भाडं आणि अनामत मिळून जवळजवळ सगळा निधी त्यात जाईल. मंडळातल्या काहींना हा खर्च वाया जाईल असं वाटतं. वडील साखर कारखान्याचे सभासद आहेत. ते म्हणतात, “ज्या कारखान्याचं बिल घेतोस, त्याच्यावरच मशीन लावणार काय?” सचिवांचे दोन प्रश्न आहेत: यंत्र घ्यावं का? आणि वडिलांना काय सांगावं?

उत्तर:

सचिवसाहेब, यंत्र घ्या. पण महिनाभर नको, आणि आत्ता ऑक्टोबरात तर मुळीच नको. चार-पाच दिवस पुरेत. राहिलेल्या पैशांची नदीला याहून जास्त गरज दुसरीकडं आहे.

तुमच्या पत्रातला ‘सिद्ध करायचं’ हा शब्दप्रयोग मला जरा थांबून बघावासा वाटतो. त्यात असं गृहीत धरलंय की पंचगंगा किती बिघडलीय हे कुणाला माहीत नाही, आणि आकडा समोर आला की यंत्रणा हलेल. वस्तुस्थिती तशी नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणी नदीचे नमुने नेमानं घेतं आणि निकाल प्रसिद्धही करतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यातले सर्वाधिक, म्हणजे ५३, महाराष्ट्रातले होते आणि त्यात पंचगंगा होती. नदी प्रदूषित आहे हा आकडा सरकारदरबारी पडून आहे. त्यात आणखी एकाची भर घालायला ८५ हजार घालवू नका.

मग गावाकडं काय आहे जे त्या अहवालात नाही? वेळ. सरकारी नमुना घेतला जातो तो दिवसा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी. तुमच्या बंधाऱ्यापाशी पहाटे चार वाजता पाण्यात किती प्राणवायू होता, हे कुठल्याच कागदावर नाही. मासे मरतात ते बहुतेक त्याच वेळी. हा एक प्रश्न असा आहे की त्यासाठी भाड्याचं यंत्र आणणं खरंच योग्य आहे.

म्हणून आधी यंत्राला काय कळतं आणि काय कळत नाही, ते नीट बघू. असलं यंत्र पाण्याचं तापमान, सामू म्हणजे पीएच, विद्युतवाहकता म्हणजे ईसी, विरघळलेला प्राणवायू म्हणजे डीओ आणि गढूळपणा एका वेळी मोजतं, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी नोंदवून ठेवतं. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा प्राणवायू, त्याला मोजता येत नाही. त्यासाठी आपल्याकडच्या मानकाप्रमाणं नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवावा लागतो. कोलिफॉर्म म्हणजे मैल्याची खूण देणारे जंतू, जड धातू, कीटकनाशकं यातलंही काही यंत्राला कळत नाही. नदी आंघोळीलायक आहे की नाही ठरवायचे केंद्रीय निकष बघा: डीओ लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, पीएच ६.५ ते ८.५, आणि १०० मिलिलिटरात एकूण कोलिफॉर्म ५०० पर्यंत. या चारांपैकी दोनच तुमच्या यंत्राच्या हातात आहेत. उरलेले दोन बाटलीत भरून प्रयोगशाळेतच न्यावे लागतात.

पुरवठादार कदाचित म्हणेल, थोडं भाडं वाढवा, अमोनियम आणि नायट्रेटचेही सेन्सर लावून देतो. इथं जपा. हे सेन्सर स्वच्छ पाण्यात बरे चालतात, पण अमोनियमच्या सेन्सरला पोटॅशियम चकवतं आणि नायट्रेटच्या सेन्सरला क्लोराइड. कापडाच्या रंगाईत मीठ भरपूर वापरलं जातं, आणि तुमच्या वरच्या अंगाला इचलकरंजी आहे. तिथलं पाणी मिसळलेल्या नदीत नायट्रेटचा आकडा उगीच फुगलेला दिसू शकतो. तो तुम्ही छापलात आणि समोरच्या बाजूच्या रसायनतज्ज्ञानं एका वाक्यात खोडला, की बाकीचे खरे आकडेही त्याच्यासोबत बुडतात. सेन्सर जास्त म्हणजे माहिती जास्त, असं नसतं.

आता डीओ. यात तुमच्या मंडळाचा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि सगळ्यात मोठा धोकाही. बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी तुंबतं. सांडपाण्यातल्या खतावर शेवाळ वाढतं. उन्हात ते शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढून घेतं. सूर्य उगवायच्या आधी डीओ तळाला जातो आणि दुपारी तीनच्या सुमाराला अगदी चांगला दिसू शकतो, कधी पाण्यात मावतो त्याच्या शंभर टक्क्यांच्याही वर. समजा, तुम्ही पत्रकारांना आणि पुढाऱ्यांना बोलावून सकाळी अकराला यंत्र सोडलं. आकडा येईल सात-आठ. दुसऱ्या दिवशी बातमी: ‘पंचगंगेत प्राणवायू मुबलक’. ज्यांच्याविरुद्ध तुम्ही यंत्र आणलं, त्यांच्याच हातात तुमच्या पैशानं कागद जाईल. म्हणून सलग ४८ तास नोंद करा, दोन रात्री धरून, आणि आलेख दाखवाल तेव्हा अख्खा दाखवा.

आणखी एक बारकावा, जो पुरवठादार सहसा सांगत नाही. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत. इथं हवेचा दाब कमी, म्हणून पाण्यात मावणारा प्राणवायूही कमी. ३० अंशांच्या पाण्यात समुद्रकाठी सुमारे साडेसात मिलिग्रॅम मावतो, आपल्याकडं सातच्या आसपास. यंत्रात दाब मोजायची सोय नसेल आणि कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचा आकडा ठरलेल्या मापाशी जुळवून घेणं, मुंबईत केलेलं असेल, तर पहिल्याच आकड्यात पाच-सहा टक्क्यांची चूक बसलेली असते. कॅलिब्रेशन गावात, नदीकाठी, तुमच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे.

अमोनियाचा विषय मी सेन्सरपुरता मोडीत काढला, पण तो सोडू नका, कारण मासे मरण्यात त्याचाही हात असतो. पाण्यातला सगळा अमोनिया विषारी नसतो. मुक्त अमोनिया माशांना मारतो, आणि तो किती हे पीएच आणि तापमानावर ठरतं. पाणी ३० अंश आणि पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही मुक्त नसतो. पीएच साडेआठ झाला की हाच वाटा वीस टक्क्यांच्या आसपास जातो. मत्स्यजीवनासाठी मुक्त अमोनियाचा केंद्रीय निकष लिटरला १.२ मिलिग्रॅमचा आहे. तेव्हा एकूण अमोनिया प्रयोगशाळेतून मोजून घ्या, त्याच क्षणाचा पीएच आणि तापमान यंत्रातून घ्या, आणि दोन्ही जोडा. यंत्र आणि बाटली एकमेकांना पुरवून घेतात ते असं.

आता कायद्याचं. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २१ तुमच्या मंडळातल्या कुणीतरी एकदा मोठ्यानं वाचावं. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना त्या कायद्याखाली कोर्टात टिकायचा तर तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं नोटीस देऊन, कारखान्याच्या माणसासमोर दोन भाग करून, सील करून, सह्या घेऊन भरलेला असावा लागतो. तुमच्या यंत्राचा आलेख त्या जागी बसत नाही. कारखान्याच्या कुंपणात शिरून प्रोब, म्हणजे यंत्राचा पाण्यात सोडायचा सेन्सरचा भाग, बुडवण्याचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो आत्ताच काढून टाका, उलटा गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. पण आलेख निरुपयोगी आहे असंही नाही. पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, आणि पुरावा कायद्याचे काटेकोर नियम त्या न्यायाधिकरणाला बंधनकारक नसतात. त्याहून जवळचा उपयोग म्हणजे अधिकाऱ्यानं कुठं आणि केव्हा बाटली भरावी, हे तुम्ही नेमकं सांगू शकता. ‘पाणी काळं झालंय, या’ या फोनला जे उत्तर मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. ‘अमुक नाल्याच्या खाली रात्री दोन ते पहाटे सहा ईसी दुप्पट होते, सलग दोन रात्री झाली, तिसऱ्या रात्री नमुना घ्यायला या’ अशी लेखी मागणी, सोबत कच्च्या नोंदी, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, ही टाळायला जरा जड जाते.

ईसीचं नाव घेतलं ते मुद्दाम. मला विचाराल तर तुमच्या कामाला डीओच्या खालोखाल तोच महत्त्वाचा. मिठाचं, मैल्याचं, कारखान्याचं कुठलंही पाणी नदीत शिरलं की ईसी चटकन वर जाते, दिवस-रात्रीच्या उन्हाशी तिचा फारसा संबंध नसतो, सेन्सर दणकट असतो. मात्र एकाच जागी मोजून काही कळत नाही. नाला मिळतो त्याच्या वर एक जागा, खाली एक जागा, आणि खुद्द नाला. खालची जागा अगदी तोंडाशी नको. नाल्याचं पाणी बरंच अंतर काठाला चिकटून वाहतं, नदीत मिसळत नाही. बंधाऱ्यावरून किंवा पुलावरून मधल्या धारेत प्रोब सोडा.

भाड्याच्या अटींबद्दल. डॉल्बी ठरवताना तुमचं मंडळ जितकं खोदून विचारत होतं, तितकंच इथं विचारा. येण्या-जाण्याचे दिवस भाड्यात धरतात का? जीएसटी धरून की वेगळा? अनामत किती दिवसांत परत, आणि कुठल्या कारणानं कापणार? प्रोब वाहून गेला किंवा चोरीला गेला तर किती भरायचं, हे लेखी घ्या. असल्या यंत्राची किंमत लाखांत जाते आणि हा एक आकडा तुमचं मंडळ बसवू शकतो. शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, डीओ सेन्सरची टोपी कधी बदलली, सोबत पीएच ४, ७ आणि १० ची द्रावणं आणि ईसीचं १४१३ मायक्रोसीमेन्सचं द्रावण देणार का? केबल किती मीटर? नोंदी साध्या तक्त्यात उतरवता येतात की त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये अडकतात? यातल्या एकालाही ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं तर दुसरा पुरवठादार शोधा.

यंत्र परत करायच्या आधी त्याच द्रावणांत पुन्हा बुडवून आकडे लिहून ठेवा, आणि फोटो काढा. सुरुवातीला पीएच ७ च्या द्रावणात ७.०० दाखवणारं यंत्र शेवटी ७.४ दाखवत असेल तर मधल्या नोंदींवर किती विसंबायचं ते तुम्हाला कळेल, आणि कुणी विचारलं तर उत्तर तयार असेल. हे दहा मिनिटांचं काम बहुतेक जण करत नाहीत.

महिनाभर नको म्हणालो त्याचं कारण आता लक्षात आलं असेल. तुंबलेल्या, खताळ पाण्यात सेन्सरवर तीन-चार दिवसांत बुळबुळीत थर बसतो आणि आकडे सरकायला लागतात. पुसायचा ब्रश असलेलं मॉडेल मिळालं तर थोडं जास्त टिकतं. केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा, लोंढा आला तर केबलच ओढून नेतो. शिवाय महिनाभर रात्रंदिवस राखण कोण करणार? पहिल्या आठवड्यात दहा पोरं असतात, तिसऱ्या आठवड्यात सचिव एकटाच असतो. चार-पाच दिवस, दोन-दोन जणांच्या पाळ्या, हे तुमच्यानं होईल.

आणि कधी? पावसाळा नुकताच सरलाय, नदीला अजून ताजं पाणी आहे. आत्ता मोजलंत तर नदी बरी दिसेल. बरगे पडून पाणी स्थिर झालेलं, गळीत हंगाम चालू आणि ऊन तापायला लागलेलं, असे दिवस निवडा, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्च. राधानगरी धरणातून पाणी सोडलेल्या आठवड्यात नको, घाण पातळ झालेली असते. पुरवठादाराशी तारीख सात-आठ दिवस पुढं-मागं करायची मुभा आधीच ठरवून ठेवा. जूनच्या पहिल्या वळवात सगळी घाण एकदम खाली येते आणि मासे मरतात, त्या दिवशी भाड्याचं यंत्र हाताशी नसणारच. त्यासाठी बर्फाचा खोका आणि प्रयोगशाळेतून आणलेल्या बाटल्या घरात तयार ठेवा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली लागते, नमुना थंड ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत पोचवायचा. बीओडीचा नमुनाही अंधारात, थंड. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली घ्या, आणि बाटली भरताना पोलीसपाटील, ग्रामपंचायतीचा एखादा सदस्य असे दोघे-तिघे गावचे साक्षीदार आणि त्यांच्या सह्या असू द्या.

पैशांची वाटणी माझ्या हिशेबानं अशी: थोडे भाड्याला, तितकेच किंवा थोडे जास्त प्रयोगशाळेला, आणि काही हजारांत येणारा हातातला ईसी-पीएच मीटर कायमचा गावाच्या मालकीचा. तो रोज सकाळी एकाच जागी बुडवा आणि वहीत लिहा. तारीख, वेळ, बरगे आहेत का, पाऊस झाला का. वर्षभराची ती वही भाड्याच्या महिन्यापेक्षा जास्त बोलते, असं माझं मत आहे. अनामतीत अडकणारे पैसे वेगळे धरा, ते खर्चाचे नाहीत पण तेवढे दिवस हाताशीही नसतात.

ज्या वाचकांकडं एवढाही निधी नाही त्यांनी हातपाय गाळायचं कारण नाही. जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात विंकलर पद्धतीनं डीओ काढता येतो. १८८८ पासून चालत आलेली पद्धत, काचेची बाटली, दोन रसायनं काठावरच घालायची आणि बाकी टायट्रेशन प्रयोगशाळेत. पहाटे पाचला भरलेल्या चार बाटल्या आणि दुपारी भरलेल्या चार, इतक्यातही मुद्दा कळतो. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्पाला विषय हवे असतात. विचारायला पैसे पडत नाहीत. सचिवसाहेब, तुम्हीही भाड्याच्या दिवसांत चार बाटल्या विंकलरनं तपासून घ्या. यंत्राचा आणि बाटलीचा आकडा जुळला तर तुमचं बोलणं पक्कं होतं.

नळाच्या पाण्याची काळजी असलेल्यांसाठीही थोडं लिहितो, कारण नदीकाठच्या गावांतून तीही पत्रं येतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची जी साथ आली, तसल्या साथीचा अंदाज असलं यंत्र देत नाही. विषाणू त्याला दिसतच नाहीत. तिथं टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर रोज पडते का आणि शेवटच्या घराच्या नळाला क्लोरीनच्या ओटी टेस्टमध्ये रंग येतो का, एवढं बघा. शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. ही तपासणी गावच्या जलसुरक्षकाकडं स्वस्तात होते, तिच्यासाठी वर्गणी काढायला लागू नये.

वडिलांकडं येतो. मला त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं वाटत नाही. तुम्ही मोजायच्या आधीच दोषी ठरवला आहे, असा वास तुमच्या पत्राला येतो आणि तो त्यांनाही आला असणार. पंचगंगेत येणाऱ्या घाणीत कोल्हापूर आणि इचलकरंजीचं घरगुती सांडपाणी आहे, काठावरच्या गावांचं आहे, कारखान्यांचं आहे, शेतातून वाहून येणारं खत आहे. तुमच्या गावची गटार कुठं जाते? पत्रात त्याचा एका शब्दानं उल्लेख नाही. पहिला प्रोब तिथं बुडवा आणि तो आकडाही बाकीच्यांसोबत जाहीर करा. मग कारखान्याजवळच्या नाल्याचा आकडा मांडताना तुमच्यावर सूड उगवल्याचा आरोप कुणाला करता येणार नाही, आणि वडिलांनाही चारचौघांत मान खाली घालावी लागणार नाही.

त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एक काम द्या. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीचा प्रश्न किती मोठा आहे हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्याचं मोठं कारण जादा पाणी आणि निचरा नसणं हेच आहे, ते नदीवर ढकलू नका. पण उसाला जे पाणी पाजतो त्याची ईसी किती, हे शेतकऱ्याला माहीत असायला हवं. सिंचनासाठी केंद्रीय निकष २२५० मायक्रोसीमेन्सचा आहे. तुमच्या पाणीपुरवठा संस्थेच्या जॅकवेलपाशी, म्हणजे नदीतून पाणी उचलायच्या विहिरीपाशी, महिन्यातून दोनदा मीटर बुडवायचा आणि वहीत लिहायचं, हे काम वडिलांकडं द्या. ते नाही म्हणाले तर आग्रह करू नका, तुम्हीच करा आणि आकडा जेवताना सांगत जा.

भाड्याची तारीख मात्र आत्ताच कुणाला कबूल करू नका, आणि आगाऊ रक्कमही देऊ नका. बंधाऱ्यात बरगे कधी घालणार आणि उन्हाळ्यात पाण्याचं पुढचं आवर्तन कधी, हे आधी पाटबंधारेच्या शाखा कार्यालयात जाऊन विचारून या.